थोरली पाती, धाकटी पाती आणि एक बातमी

देवास या गावावर अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत एकाच वेळी दोन राजांचा अंमल होता. मराठ्यांच्या माळव्यातील स्वाऱ्यांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी मिळवलेला मुलूख त्यांच्या वंशजांकडे वाटून आला. थोरल्याच्या वंशाच्या राज्याला ‘थोरली पाती’ आणि धाकट्याच्या वंशाच्या राज्याला ‘धाकटी पाती’ म्हणत, आणि पाती म्हणजे एकत्र मिळकतीतला वाटणीचा हिस्सा, हा शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्दच इथे राज्याचे नाव होऊन बसला. दोन्ही राज्यांची गावे एकमेकांत मिसळलेली होती, राजधानी एकच होती आणि गावातल्या बाजारपेठेचा रस्तासुद्धा दोन अमलांत विभागलेला होता. अशा गावात घडलेल्या तंट्याची हकिकत दोन दरबारांच्या दोन दफ्तरांत दोन तऱ्हेने लिहिली जाणे स्वाभाविकच होते. आजच्या वाचकाला वारंवार दिला जाणारा ‘दोन्ही बाजू वाचाव्यात’ हा सल्ला देवासात जणू राज्यव्यवस्थेनेच अमलात आणलेला होता. तरीही दोन दफ्तरे असली म्हणजे खरे काय ते आपोआप कळते असे म्हणता येत नाही, कारण दोन्हीकडचे कारकून एकाच चावडीवर ऐकलेली एकच अफवा आपापल्या धन्याला सोयीची करून लिहू शकत होते.

विरुद्ध बाजू ऐकावी हा विचार भारतीय शास्त्रपरंपरेला नवा नाही. शास्त्रग्रंथात आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडले जाते, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचे खंडन येते आणि शेवटी सिद्धान्त येतो. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यातली मेख अशी की पूर्वपक्ष लिहिणारी लेखणीही सिद्धान्त मांडणाऱ्याच्याच हातात असते. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ नष्ट झाले असून त्यांची मते आज मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ग्रंथांतून, कळतात, म्हणजे एका संपूर्ण दर्शनाची बातमी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वार्तापत्रांवरून घ्यावी लागते. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत निवेदकाने विरुद्ध बाजू मांडण्यासाठी नेमका अडखळणारा वक्ता बोलावावा, हा या पूर्वपक्षाचाच आधुनिक अवतार होय. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मधील आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात असा आग्रह धरला की प्रतिपक्षाचे म्हणणे ते मनापासून मानणाऱ्याकडूनच ऐकले पाहिजे. तो आग्रह पूर्वपक्षाच्या याच उणिवेवर बोट ठेवतो.

मात्र मिलच्या मुद्द्यानेही एक गोष्ट सुटत नाही. मतभेद दोन जातींचे असतात. एकात घटना दोघांनाही मान्य असते आणि तिचे मोल काय यावर वाद असतो. दुसऱ्यात घटना मुळात घडली की नाही, घडली तर कशी, यावरच वाद असतो. पहिल्या जातीच्या वादात विरुद्ध मत वाचण्याला पर्याय नाही. दुसऱ्या जातीच्या वादात विरुद्ध मत वाचून फारसे हाती लागत नाही, तिथे स्वतंत्र साक्ष लागते, म्हणजे पहिल्या साक्षीदारावर अवलंबून नसलेला दुसरा साक्षीदार किंवा मूळ कागद. हा भेद लक्षात न घेता दिलेला ‘दोन्ही बाजू वाचा’ हा सल्ला म्हणजे रोग न बघता दिलेले औषध आहे, आणि माळव्यातील धार-देवास या पवारांच्या संस्थानांचा इतिहास या भेदाची उदाहरणे पुरवण्यात भलताच उदार आहे.

स्वतंत्र साक्षीचे महत्त्व जुन्या राज्यकर्त्यांना नीट उमगलेले होते. मोगल सुभ्यांमध्ये बातमी कळवणारे अधिकारी एकापेक्षा अधिक असत: वाकेनवीस हा घडलेल्या गोष्टींची उघड नोंद करून दरबारी पाठवी, खुफियानवीस तेच काम गुप्तपणे करी आणि हरकारे तोंडी व लेखी खबरा आणीत, खुफियानवीस कोण हे वाकेनवीसाला ठाऊक नसावे अशी योजना होती, कारण दोघांनी संगनमत करून एकच हकिकत लिहिली तर दोघांचा पगार फुकट गेला असता. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री या पदालाच वाकेनवीस म्हणत. पेशवाईत दिल्लीतली बित्तंबातमी हिंगणे घराण्यातील वकील कळवीत, तर पुण्यातल्या घडामोडींची अखबारपत्रे निजामाचे हस्तक हैदराबादला धाडीत. अखबार हे मूळ अरबी ‘खबर’ या शब्दाचे अनेकवचन, आणि या अखबारांचा थाटही त्या नावाला साजेसा कोरडा असे: धनी केव्हा उठले, कोण भेटीस आले, काय बोलणे झाले, कोणती फौज कुठल्या वाटेने निघाली. त्याचा अर्थ काय लावावा हे वकील आपल्या स्वतंत्र पत्रात लिही. बातमी एका कागदावर आणि तिच्यावरचे मत दुसऱ्या कागदावर, ही शिस्त त्या काळच्या जासूद-कासीदांच्या व्यवहारात जितकी दिसते तितकी आजच्या कित्येक वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दिसत नाही.

सामान्य माणसाला अर्थातच ना वाकेनवीस होता ना वकील. त्याची बातमी रस्त्यावर येई. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ मध्ये कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांना बंडाची वार्ता धारच्या शेजारच्या महूच्या परिसरात, वाटेत भेटलेल्या शिपायांच्या तोंडून कळली. काडतुसांच्या गोष्टीबरोबरच इंग्रज सरकार हिंदू-मुसलमानांच्या धर्माविरुद्ध चौऱ्यांशी कलमे लादणार आहे हेही त्यांच्या कानावर आले. कलमांचा हा आकडा पराचा कावळा कसा होतो याचा नमुना म्हणून पाहता येतो, पण इतक्यावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण बंड का झाले यापेक्षा बंडवाल्यांना ते कशासाठी आहे असे वाटत होते याची ती अव्वल दर्जाची साक्ष आहे. गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला तो संपादनाचे संस्कार करून. मूळ लिखाणाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये छापला. म्हणजे साठ वर्षे मराठी वाचक डोळ्यांनी पाहिलेल्या हकिकतीची एक गाळलेली प्रत वाचत होता, आणि त्याला तसे वाटण्याचे काही कारणही नव्हते.

खुद्द धारमध्ये त्या वर्षी जे घडले त्याची गोष्ट या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. १८५७ च्या मे महिन्यात धारचे राजे यशवंतराव पवार वारले आणि गादीवर आनंदराव हा जेमतेम तेरा वर्षांचा मुलगा आला. कारभार दिवाण रामचंद्र बापूजी यांच्याकडे होता. दरबाराने अरब, मकराणी आणि अफगाण भाडोत्री शिपाई नोकरीस ठेवले, आणि ऑगस्टच्या अखेरीस याच शिपायांनी धारचा किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेने किल्ल्याला वेढा घातला. महिनाअखेर भिंतीला खिंडार पडेपर्यंत आतली शिबंदी रातोरात निसटून गेली होती. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचा तात्पुरता प्रतिनिधी कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड याचा निष्कर्ष ठाम होता: दरबार बंडाला सामील होता. त्याच्या म्हणण्यावर विसंबून १८५८ च्या आरंभी संस्थान खालसा करण्यात आले.

इथे वाद दुसऱ्या जातीचा होता. भाडोत्री शिपायांना दरबाराची फूस होती की दरबारच त्यांच्या कैदेत होता, हा मूल्याचा नव्हे तर वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि तो ज्याच्या अहवालावरून सुटायचा तो ड्युरँड स्वतःच या प्रकरणात गुंतलेला होता; १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा त्याला तिथून माघार घ्यावी लागली होती आणि माळव्यातील मराठा दरबारांविषयी त्याचे मन तेव्हापासून कडवट झालेले होते. लंडनमध्ये मात्र या एकट्या साक्षीवर समाधान न मानणारे लोक निघाले. इंडिया रिफॉर्म सोसायटी या संस्थेचे जॉन डिकिन्सन यांनी धारचा प्रश्न लावून धरला, प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, आणि १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून संस्थान आनंदरावांना परत देण्याचे ठरले. बैरसिया भोपाळच्या बेगमेला देण्यात आला. ठरले तरी प्रत्यक्ष अधिकार हाती येईनात, तेव्हा डिकिन्सन यांनी १८६४ मध्ये एक पुस्तिकाच काढली आणि तिचे शीर्षक असे ठेवले की हाऊस ऑफ कॉमन्स आणि लोकमत यांना न जुमानता धार अजून परत दिलेले नाही, हे मुखपृष्ठावरच कळावे.

या पुस्तिकेला ‘विरुद्ध मत’ म्हणून बाजूला सारणे सोपे होते, आणि सरकारी गोटाने तसे केलेही असेल. पण डिकिन्सन यांनी नुसता ड्युरँडच्या उलट सूर लावला नव्हता, सरकारी पत्रव्यवहारातले कागद ड्युरँडच्या निष्कर्षासमोर ठेवले होते. हा वाद पुढेही धुमसत राहिला. इतिहासकार सर जॉन के यांनी १८५७ च्या बंडाच्या आपल्या इतिहासात ड्युरँडवर टीका केली, तेव्हा ड्युरँडच्या मुलाने १८७६ मध्ये त्या टीकेला उत्तर देणारे पुस्तक लिहिले. बापाची बाजू मुलाने मांडावी यात गैर काही नाही, मात्र वाचकाने ते पुस्तक हातात घेताना लेखकाचे आडनाव वाचलेले असावे. धार परत मिळाले ते दोन्ही बाजूंच्या मतांची सरासरी काढून नव्हे. तसे केले असते तर अर्धेच संस्थान परत मिळाले असते.

देवासच्या थोरल्या पातीची जगाला झालेली ओळख तर जवळजवळ एकाच माणसाच्या लेखणीतून झाली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९१२-१३ मध्ये पाहुणे म्हणून देवासला येऊन गेले होते आणि १९२१ मध्ये तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने तिथे राहिले. त्या काळात मायदेशी पाठवलेल्या पत्रांवरून त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक सिद्ध केले, ज्याच्या नावातली देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची चामुंडा. पुस्तक लोभस आहे, पण ते एका मित्राने मित्राविषयी लिहिलेले आहे. १९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंह वडिलांपासून जिवाला धोका असल्याचे सांगत इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयाला गेले, पुढे राज्याचा खजिना रिता झाला आणि तुकोजीराव पाँडिचेरीला जाऊन राहिले, तिथेच १९३७ मध्ये वारले, या सगळ्यात फॉर्स्टर मित्राच्या बाजूने उभे राहतात. पोलिटिकल खात्याची दफ्तरे अर्थातच दुसऱ्या बाजूने. प्रजेची बाजू दोन्हीकडे नाही. रस्त्याच्या पलीकडे धाकट्या पातीचा दरबार होता, त्याची हकिकत तर फॉर्स्टरच्या वाचकाला फारशी कळतच नाही. त्यातच १९२२ मध्ये संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा ठरवणारा कायदा व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात मंजूर केला होता, त्यामुळे ब्रिटिश मुलखातल्या संपादकालाही देवास-धारवर काही लिहिताना हात आखडता घ्यावा लागे.

पहिल्या जातीच्या वादासाठी, म्हणजे जिथे घटना मान्य आणि मोल अमान्य असते अशा वादासाठी, टपालाने येणारी पुण्याची पत्रे मराठी वाचकाला उपलब्ध होती. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर मतभेदांमुळे बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर ही दोन पत्रे परस्परविरुद्ध टोकांना उभी होती. विधेयकाचा मसुदा दोघांसमोर एकच होता, वयोमर्यादा दहावरून बारावर नेण्याची तरतूद दोघांनाही ठाऊक होती, वाद होता तो परक्या सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालावा की नाही याचा. अशा वादात दोन्ही पत्रे वाचणारा वाचक खरोखरच काही मिळवत होता, कारण ज्याला जे म्हणायचे होते ते त्याने स्वतःच, पूर्ण जोराने लिहिलेले होते.

आजच्या धार आणि देवास जिल्ह्यांतील मराठी घराची बातम्यांची रचना मोठी लक्षणीय आहे. सकाळी दारात पडणारे वृत्तपत्र हिंदी असते: इंदूरची ‘नईदुनिया’, जी ५ जून १९४७ रोजी सुरू झाली आणि राहुल बारपुते या मराठी भाषक संपादकाच्या हाताखाली घडली, किंवा ‘दैनिक भास्कर’, किंवा ‘पत्रिका’, संध्याकाळी डिशवर मराठी वृत्तवाहिनी लागते, आणि दिवसभर पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट वाजत राहतो. दोन भाषा म्हणजे दोन खिडक्या असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मराठी वाहिनीला धारच्या कलेक्टर कचेरीत काय चालले आहे याचे सोयरसुतक नसते आणि हिंदी पत्राच्या जिल्हा पुरवणीत मुंबईच्या राजकारणाला जागा नसते, त्यामुळे या दोन खिडक्या एकाच अंगणाकडे क्वचितच उघडतात. देशपातळीवरच्या बातमीचे तर आणखी वेगळे आहे. तिच्या आरंभी स्थळ आणि तारखेनंतर लहान टायपात ‘भाषा’ असे छापलेले असते, ते प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेच्या हिंदी सेवेचे नाव. दोन प्रतिस्पर्धी पत्रांत एकच बातमी वाचून ‘दोन्हीकडे आले आहे म्हणजे खरेच असणार’ असे म्हणणारा वाचक बहुधा एकाच साक्षीदाराची एकच जबानी दोनदा ऐकत असतो. तो छोटा शब्द पाहण्याची सवय दुसरे वृत्तपत्र लावण्यापेक्षा स्वस्त पडते.

व्हॉट्सॲपवर तर तो छोटा शब्दही नसतो. पाच किंवा अधिक वेळा पुढे सरकलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो, आणि अशा अफवांनी माणसे मारली जाऊ लागल्यावर कंपनीने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण बाण संदेशाने किती मजल मारली तेवढेच सांगतो, तो निघाला कुठून हे सांगत नाही. कासीदाच्या थैलीवर निदान पाठवणाऱ्याची मोहोर असे.

विरुद्ध मतांच्या संपर्काने माणसे बदलतात का, यावर अलीकडे अमेरिकेत प्रयोग झाले आहेत. समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना मोबदला देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाची मते पसरवणारे खाते वाचायला लावले. परिणामी रिपब्लिकन मंडळी आपल्या मतांत अधिकच कट्टर झाली, डेमोक्रॅट मंडळींत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. उलट डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्स न्यूजच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन आठवड्याला सात तासांपर्यंत सीएनएन पाहायला लावले, तेव्हा त्यांच्या समजुतींत फरक पडला, मुख्यतः ज्या घटना त्यांच्या वाहिनीने दाखवल्याच नव्हत्या त्या कळल्यामुळे. पैसे थांबल्यावर ते आपल्या वाहिनीकडे परतले आणि फरकही विरला. दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण पहिल्या प्रयोगात लोकांना विरुद्ध मते पाजली गेली होती आणि दुसऱ्यात न पाहिलेल्या घटना दाखवल्या गेल्या होत्या, हे ध्यानात घेतले तर विसंगती बरीच ओसरते. डिवचणारे वाक्य माणसाला तटबंदीत ढकलते. नवी घटना कधीकधी त्या तटबंदीत खिडकी पाडते. दोन पक्षांत चिरलेल्या त्या देशाचे निष्कर्ष माळव्याला जसेच्या तसे लावणे मात्र शहाणपणाचे नाही.

साक्षीदाराची पारख कशी करावी यावरही तिथे काम झाले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा तथ्यपडताळणी करणारे पत्रकार आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही मजकूर वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत बसले आणि सफाईदार मांडणीला भुलले; पत्रकारांनी मजकूर वाचण्याआधीच दुसरी पाने उघडून हे संकेतस्थळ चालवते कोण, इतर लोक त्याच्याविषयी काय म्हणतात ते पाहिले. या रीतीला आडवे वाचन म्हणता येईल, आणि मोगल दरबाराने वाकेनवीसाच्या मागे खुफियानवीस लावण्यामागचे तत्त्व हेच होते.

धारमधली सध्याची सर्वात मोठी बातमी गेली अनेक वर्षे एकच आहे, आणि ती कोणत्या शब्दांनी सुरू होते त्यावरून वार्ताहर कोणत्या बाजूचा हे पहिल्याच ओळीत कळते. एकाच वास्तूला हिंदू भोजशाला म्हणतात आणि मुसलमान कमाल मौला मशीद. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ७ एप्रिल २००३ च्या आदेशानुसार मंगळवारी आणि वसंत पंचमीला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पूजा आणि शुक्रवारी दुपारी एक ते तीन नमाज, अशी व्यवस्था लागली. वसंत पंचमी शुक्रवारी आली, जशी ती २००६, २०१३ आणि २०१६ मध्ये आली, की या दोन वेळा एकमेकांवर येतात आणि गावात तणाव वाढतो. ११ मार्च २०२४ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने शास्त्रीय सर्वेक्षणाचा आदेश दिला, २२ मार्चला काम सुरू झाले, १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सर्वेक्षण थांबवण्यास नकार दिला पण आपल्या परवानगीशिवाय निष्कर्षांवर कारवाई करू नये असे बजावले, आणि १५ जुलैला दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल सादर झाला. मधल्या चार महिन्यांत आत काय सापडत आहे याच्या रोजच्या बातम्यांना आधार होता तो मुख्यतः सर्वेक्षणाच्या वेळी हजर राहणाऱ्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी बाहेर येऊन कॅमेऱ्यांपुढे केलेल्या निवेदनांचा. दोन्ही बाजूंची निवेदने छापणारे पत्र निःपक्षपाती ठरत होते, आणि तरीही त्याच्याकडे एकही स्वतंत्र साक्षीदार नव्हता.

या वास्तूच्या वादात वारंवार येणारी एक मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पांढऱ्या संगमरवराची, सुमारे चार फूट उंचीची ही मूर्ती विल्यम किनकेड या अधिकाऱ्याला १८७५ मध्ये धारमध्ये मिळाली. १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांनी त्या वास्तूत जडवलेले कोरीव लेख उजेडात आणले, त्यांत ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटकाचे दोन अंक होते आणि सरस्वतीचा उल्लेख होता. पुढे १९२४ मध्ये ओ. सी. गांगुली आणि का. ना. दीक्षित यांनी लंडनमधली मूर्ती राजा भोजाची सरस्वती असल्याचे जाहीर केले, आणि भोजशालेतील वाग्देवी ती हीच, हे समीकरण रूढ झाले. यानंतर दोन्ही बाजूंचे लोक तिच्यावरून भांडत राहिले: ती परत आणावी की नाही, ती त्या वास्तूतली की बाहेरची, तिच्यावरून वास्तूचे मूळ सिद्ध होते की नाही. ती वाग्देवी आहे का, हा प्रश्न या भांडणात बराच काळ कोणी विचारला नाही.

मूर्तीच्या पायथ्याशी मात्र चार ओळींचा लेख होता, आणि १९८०-८१ च्या सुमारास किरीट मांकोडी आणि हरिवल्लभ भायाणी या अभ्यासकांनी तो नीट लावला. त्यात संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४ चे साल आहे. भोजराजाच्या वररुची नावाच्या अधिकाऱ्याचे नाव आहे. जैनांच्या शाखांचा निर्देश आहे. आणि मजकुराचा आशय असा की वररुचीने आधी वाग्देवी घडवली, मग तीन जिनांच्या मूर्ती, आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती. ‘वाग्देवी’ हा शब्द दगडावर खरोखरच आहे, त्यामुळे घाईने वाचणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे. पण तो शब्द या मूर्तीविषयी नाही. मूर्तीच्या पायाशी सिंह आहे, आणि सिंह हे जैन अंबिकेचे वाहन, सरस्वतीचे नव्हे. म्युझियमच्या नोंदीत आज तिचे नाव अंबिका असेच आहे. लेखात जिचे नाव आधी येते ती वररुचीची वाग्देवी अद्याप कुठे मिळालेली नाही, आणि लंडनची मूर्ती परत आणावी ही मागणी धारमध्ये वसंत पंचमीच्या सुमारास पुन्हा पुन्हा बातम्यांत येते, वाग्देवी या नावानेच.